चांदीपुरा : ओळख पटण्यापूर्वीची ३८ वर्षे

पावसाळ्याच्या दिवसांत लहान मुलांना येणाऱ्या आणि काही तासांत मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या तापांपैकी एक ताप नागपूर परिसरातील चांदीपुरा या वस्तीच्या नावाने जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत नोंदला गेला आहे. ज्या विषाणूमुळे हा ताप येतो तो १९६५ साली सापडला, परंतु तो मुलांचा जीव घेऊ शकतो हे वैद्यकशास्त्राच्या पुरते ध्यानात आले ते २००३ मध्ये. विषाणू हाती असूनही आजार ओळखू न आल्याच्या या ३८ वर्षांचा दोष कोणा एका संशोधकाच्या किंवा संस्थेच्या माथी मारता येत नाही. आजाराचा विलक्षण वेग, तपासणीच्या पद्धतींच्या मर्यादा आणि पावसाळ्यातील मेंदूज्वर म्हणजे जपानी मेंदूज्वरच असला पाहिजे ही मनात घट्ट बसलेली समजूत, या तीन गोष्टींनी मिळून तो काळ व्यापला होता, आणि म्हणूनच त्याचा इतिहास केवळ एका विषाणूचा न राहता आजार ओळखण्याच्या रीतीचा इतिहास झाला आहे.

मेंदूज्वर म्हणजे संसर्गामुळे मेंदूच्या ऊतींना दाह होऊन सूज येणे. मेंदूभोवतीच्या आवरणांना होणारा दाह हा त्याहून वेगळा आजार असून तो बहुधा जिवाणूंमुळे जीवघेणा होतो. मेंदूज्वराच्या मुळाशी मात्र पुष्कळदा विषाणू असतो. कवटी हाडाची आणि बंदिस्त असल्यामुळे सुजलेल्या मेंदूला पसरायला जागा मिळत नाही, आतला दाब वाढत जातो, आणि त्यातून उलट्या, आकडी, ग्लानी, बेशुद्धी व शेवटी श्वासाचे नियंत्रण सुटणे असा क्रम घडतो. विषाणू कोणताही असला तरी हा क्रम फारसा बदलत नाही, आणि लक्षणांवरून कारण ओळखणे अवघड होऊन बसते ते याचमुळे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मृत्यू सरकारी नोंदींत वेगळे दिसतच नसत. मध्य प्रांतात, म्हणजे ज्यात तेव्हा नागपूर व पूर्व विदर्भ मोडत असे त्या प्रांतात, गावचा कोतवाल मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात देई आणि ती पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप अशा मोजक्या रकान्यांपैकी एकात भरली जाई. त्यांतील 'ताप' हा रकाना सर्वांत मोठा असे. हिवतापाने, विषमज्वराने, न्यूमोनियाने आणि मेंदूज्वराने गेलेली मुले त्या एकाच रकान्यात एकत्र येत. घरच्या लोकांनी पाहिलेले मात्र वेगळे असे: संध्याकाळी अंग तापलेले मूल मध्यरात्री आकडी येऊन निपचित पडते आणि दुसऱ्या दिवशी दगावते, हा अनुभव इतका अनाकलनीय होता, की त्याला बाहेरची बाधा मानून मुलाला भगताकडे किंवा देवऋषीकडे नेण्याची रीत रूढ झाली. या रीतीला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे ठरेल, कारण ज्या काळात दवाखाना एका दिवसाच्या वाटेवर होता आणि तेथेही उपाय नव्हता, त्या काळात समाजाने आपल्या परीने शोधलेले ते उत्तर होते. दवाखाना जवळ आल्यानंतरही ती रीत टिकून राहिली आणि मुलाच्या वाट्याचे मोलाचे तास खाऊ लागली, हे तिचे खरे दुखणे.

या रकान्यातून एकेक आजार बाहेर काढण्याचे काम स्वातंत्र्यानंतर सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९७८ पासून तेच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. डास, गोचीड, वाळूमाशी अशा रक्त शोषणाऱ्या संधिपाद प्राण्यांमार्फत पसरणारे विषाणू हा केंद्राचा मुख्य विषय होता. वेल्लोर येथे १९५५ साली जपानी मेंदूज्वराचे भारतातील पहिले रुग्ण ओळखले गेले, त्या निदानात या केंद्राचा वाटा होता. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा भागात माकडांच्या मृत्यूंचा माग काढताना क्यासनूर जंगलतापाचा विषाणू याच केंद्राने शोधला. नागपूर शहरात १९६५ मध्ये तापाची मोठी साथ आली तेव्हा पुण्याहून संशोधकांचे पथक तेथे जाणे हे त्या परंपरेला धरूनच होते.

ती साथ प्रामुख्याने चिकुनगुन्याची होती. हा आजार १९६३ मध्ये कलकत्त्यात आणि १९६४ मध्ये मद्रासमध्ये दिसून नंतर मध्य भारतात पोहोचला होता, आणि नागपुरात त्याच्या जोडीला डेंगीही आढळली. रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासताना दोघांच्या रक्तात मात्र या दोहोंपैकी कोणताही नव्हे असा, तोवर ठाऊक नसलेला विषाणू सापडला. पी. एन. भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी त्याचे वर्णन १९६७ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध केले आणि अशा विषाणूंना स्थळाचे नाव देण्याच्या तत्कालीन प्रथेप्रमाणे त्याला चांदीपुरा हे नाव दिले. पुढे तो ऱ्हॅब्डोव्हायरस कुळातील असल्याचे ठरले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या विषाणूंचे हे कुळ असून रेबीजचा विषाणूही त्यातलाच आहे, परंतु चांदीपुऱ्याचे जवळचे नाते गुराढोरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या एका विषाणूशी आहे.

ज्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला होता त्यांना आला होता तो साधा ताप. देशाच्या निरनिराळ्या भागांतील लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची शरीराने ठेवलेली खूण, आढळत होती. याचा अर्थ असंख्य लोकांना तो संसर्ग होऊन गेला होता आणि ते बरेही झाले होते. यावरून विषाणू निरुपद्रवी असल्याचा निष्कर्ष काढला जाणे स्वाभाविक होते. त्याच माहितीचा दुसरा अर्थ त्या वेळी कोणाच्या लक्षात आला नाही: प्रौढांच्या रक्तात प्रतिपिंडे सर्रास आढळतात याचा अर्थ संसर्ग बहुधा लहानपणीच होतो, आणि त्या वयात जे वाचत नाहीत त्यांचे रक्त अशा पाहणीत कधीच तपासले जात नाही. वाचलेल्यांच्या नमुन्यांवरून आजाराचा सौम्यपणा ठरवण्यातील ही त्रुटी पुढची अनेक वर्षे तशीच राहिली.

त्या वर्षांत विषाणूविषयीचे ज्ञान वाढत होते, पण ते आजाराच्या दिशेने जात नव्हते. औरंगाबाद भागात पकडलेल्या वाळूमाश्यांमध्ये तो सापडल्याचे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो डासांऐवजी मुख्यतः वाळूमाश्यांमार्फत पसरत असावा, याकडे लक्ष वेधले गेले. संसर्गित वाळूमाशीच्या अंड्यांतून तो तिच्या पुढच्या पिढीत उतरतो, हे १९८३ मध्ये प्रयोगशाळेत दिसून आले. माणसांत साथ नसलेल्या वर्षांतही विषाणू कसा टिकून राहतो, याचे एक स्पष्टीकरण त्यातून मिळाले. परदेशांतील प्रयोगशाळांनी तर या कुळातील विषाणूंची वाढ कशी होते हे समजून घेण्यासाठी त्याच्या जनुकांचा बारकाईने अभ्यास केला. १९८० साली मध्य प्रदेशात मेंदूचा तीव्र विकार झालेल्या रुग्णाच्या रक्तातून हाच विषाणू वेगळा करण्यात आला आणि पुण्याच्या संशोधकांनी ते १९८३ मध्ये नोंदवलेही. एवढ्याशा पुराव्यावरून त्या विकाराचे कारण हाच विषाणू होता असे म्हणता येत नव्हते, हे खरे. तरीही पावसाळ्यात मेंदूज्वराने आजारी पडलेल्या मुलांमध्ये त्याचा नेमाने शोध घेण्याची ती वेळ होती, आणि ती हुकली.

हुकण्याचे कारण जपानी मेंदूज्वराच्या प्रचंड छायेत शोधावे लागते. जपानमध्ये १९२४ साली हजारो लोकांना ग्रासणारा आणि १९३५ मध्ये ज्याचा विषाणू वेगळा करण्यात आला तो हा आजार १९७३ मध्ये पश्चिम बंगालच्या बांकुडा व वर्धमान जिल्ह्यांत साथीच्या रूपाने उसळला, १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूर भागात पोहोचला आणि तेथे जवळजवळ दरवर्षीचा झाला. त्याचे चक्र भातशेतीशी बांधलेले आहे: बांधीत साचलेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात, बगळे व ढोकरी यांच्यासारख्या पाणपक्ष्यांत विषाणू राहतो, डुकरांच्या शरीरात तो भरमसाट वाढतो आणि तेथून डासांमार्फत माणसांकडे येतो. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली हे धानाचे जिल्हे कोहळी समाजाने बांधलेल्या शेकडो तलावांवर आणि गावोगावच्या बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, पोसलेले असल्यामुळे तेथील मेंदूज्वराकडेही याच नजरेने पाहिले गेले. ती नजर सर्वस्वी चुकीची नव्हती, कारण जपानी मेंदूज्वर त्या भागात खरोखरच होता. मात्र एक कारण पक्के माहीत असले की तपासणी त्याच कारणाची होते, तपासणीत ते न सापडल्यास 'कारण अज्ञात' असा शेरा पडतो, आणि या शेऱ्याखाली किती वेगवेगळे आजार दडले आहेत याची विचारणा मागे पडते.

गोरखपूरची पुढची हकिगत या संदर्भात बोलकी आहे. २००५ च्या साथीत तेथे व आसपासच्या जिल्ह्यांत हजाराहून अधिक बळी गेले, त्यानंतर २००६ पासून लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली, आणि जपानी मेंदूज्वराचे प्रमाण उतरल्यावरही मुले आजारी पडतच राहिली. कारण शोधता शोधता त्यांतील मोठ्या संख्येने मुलांना स्क्रब टायफस, म्हणजे झुडपांत व गवतात राहणाऱ्या सूक्ष्म संधिपाद प्राण्याच्या अळीच्या चाव्यातून होणारा जिवाणुजन्य ताप, असल्याचे उघड झाले. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन यांसारखी साधी प्रतिजैविके वेळीच दिली तर हा आजार बरा होतो. मेंदूची लक्षणे असलेल्या प्रत्येक तापाची नोंद कारण ठरण्यापूर्वीच एका व्यापक नावाखाली, तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूह या नावाने, करण्याची पद्धत याच काळात देशभर रुजली. एका आजारावर रोखलेली नजर त्यामुळे सैल झाली, आणि साथरोगाच्या नोंदीत झालेल्या सुधारणांमध्ये या बदलाला फार वरचे स्थान द्यायला हवे.

चांदीपुऱ्याची खरी ओळख मात्र त्याआधीच, २००३ च्या पावसाळ्यात पटली होती. तत्कालीन आंध्र प्रदेशात, विशेषतः आता तेलंगणात असलेल्या करीमनगर, वारंगळ या भागांत, मुले अचानक तीव्र तापाने आजारी पडू लागली आणि पुष्कळशी रुग्णालयात पोहोचल्यापासून एक-दोन दिवसांतच दगावू लागली. एकूण ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ मरण पावली, म्हणजे निम्म्याहून अधिक. पहिला संशय जपानी मेंदूज्वराचाच होता. तपासणीने तो फेटाळला गेला. पुण्याच्या संस्थेने सहा रुग्णांच्या नमुन्यांतून विषाणू वाढवला, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा गोळीसारखा आकार दिसला, आणि मृत बालकाच्या मेंदूच्या ऊतीतही त्याचे प्रथिन व जनुकीय अंश सापडले. रुग्णांमधील विषाणूची जनुकीय रचना १९६५ च्या मूळ नागपुरी विषाणूशी सुमारे ९७ टक्के जुळत होती. हे संशोधन २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडाकडे बोट दाखवून हा दाह नसून मेंदूला झालेला रक्तपुरवठ्याचा आघात आहे असे मत मांडले, आणि त्यावर काही काळ गंभीर वाद झाला. विषाणू मेंदूत पोहोचल्यावर नेमके काय करतो, या प्रश्नाला त्या वादाने चालना दिली हे मान्य करावे लागते.

त्या संशोधनातील एक बारकावा या साऱ्या इतिहासाची किल्ली ठरावा असा आहे. आजाराच्या चौथ्या दिवसानंतर घेतलेल्या रक्तात चांदीपुऱ्याविरुद्धची ताजी प्रतिपिंडे त्याआधी घेतलेल्या रक्तापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडली. शरीराला प्रतिपिंडे तयार करण्यास काही दिवस लागतात, आणि हा आजार तर अनेक मुलांना तेवढे दिवसच देत नाही. विषाणुजन्य आजारांचे निदान त्याआधीची कित्येक दशके मुख्यतः प्रतिपिंडांवर आधारलेले होते. आजाराच्या सुरुवातीचे आणि दोन-तीन आठवड्यांनंतरचे असे रक्ताचे दोन नमुने घेऊन त्यांतील प्रतिपिंडांची वाढ मोजण्याची शिस्त प्रयोगशाळांनी घालून दिली होती. जे मूल दुसऱ्या दिवशी मरण पावले त्याचा दुसरा नमुना मिळणे अशक्य होते, आणि पहिल्या नमुन्यात काही सापडत नव्हते. विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी पीसीआर ही पद्धत हाती आली तेव्हाच ही कोंडी फुटली. म्हणजे जी मुले सर्वांत लवकर मरत होती, नेमक्या त्यांच्याच मृत्यूचे कारण जुन्या पद्धतीच्या आवाक्याबाहेर होते.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, गुजरातच्या पूर्वेकडील आदिवासी जिल्ह्यांत २६ मुलांना हा आजार झाला आणि त्यांत मृत्यूचे प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक होते. २००७ च्या पावसाळ्यात तो ज्या भूमीचे नाव घेऊन जगला होता तेथेच परतला: नागपूर विभागात ७८ मुले आजारी पडली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दगावली. या सर्व साथींत पंधरा वर्षांखालील, ग्रामीण भागातील, बहुतेक वेळा मातीच्या घरांत राहणारी मुलेच होती, आणि म्हणून प्रतिबंधाचा विचार वाळूमाशीच्या आणि घराच्या नात्यापासून सुरू करावा लागतो.

वाळूमाशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांबीची असते, दूरवर किंवा उंच उडू शकत नाही, जमिनीलगत टुणटुण उड्या मारत पुढे सरकते आणि दिवेलागणीपासून रात्रभर चावते. तिची अंडी डबक्यात वाढत नाहीत. त्यांना ओलसर, सावलीची आणि शेण-पालापाचोळा मिसळलेली माती लागते. भिंतींच्या भेगा, घराला लागून असलेला गोठा, दाराशी असलेला उकिरडा ही तिची ठिकाणे. साचलेले पाणी ओतून देण्याचा जो उपाय डेंगीसाठी रास्त आहे तो येथे लागू पडत नाही, आणि डासांसाठीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आत शिरू शकते, म्हणून तिच्यासाठी बारीक छिद्रांची जाळी लागते. विदर्भात घरांचे लिंपण-सारवण दसरा-दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरल्यावर, नव्याने होते. वाळूमाशीच्या दृष्टीने धोक्याचे महिने मात्र त्याआधीचे असतात. भिंतींच्या भेगा बुजवण्याचे काम मृगापूर्वीच उरकले आणि शेणखताचा खड्डा घरापासून दूर नेला, तर जुन्या प्रथेत फार मोठा बदल न करता पुष्कळ साधेल.

फवारणीचा इतिहासही येथे विचारात घ्यावा लागतो. १९५३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमात आणि १९५८ पासूनच्या निर्मूलन कार्यक्रमात खेड्यापाड्यांतील घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. फवारणी डासांसाठी होती, पण भिंतींवर विसावणाऱ्या वाळूमाश्याही तिने मारल्या. बिहारमध्ये वाळूमाशीमुळेच पसरणारा काळा आजार त्या वर्षांत जवळजवळ नाहीसा झाला आणि फवारणी थांबल्यानंतर १९७० च्या दशकात उसळून आला, हे त्याचे सुपरिचित उदाहरण आहे. काळ्या आजाराच्या भागात पुढे भिंतींवर सहा फूट उंचीपर्यंत फवारणी करण्याची पद्धत ठरली, कारण माशी त्याहून वर सहसा बसत नाही. चांदीपुऱ्याची साथ आलेल्या गावांतही घर व गोठा या दोहोंच्या भिंतींवर अशीच फवारणी करावी लागते.

लस आणि विषाणूवर थेट काम करणारे औषध या आजारावर उपलब्ध नाही, त्यामुळे मूल वाचणे हे ते किती लवकर योग्य जागी पोहोचते यावर अवलंबून राहिले आहे. अकस्मात चढलेला तीव्र ताप, त्यापाठोपाठ उलट्या, आकडी, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद न देणे किंवा असंबद्ध बडबड, यांपैकी मेंदूशी संबंधित एकही लक्षण तापासोबत दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता मुलाला रुग्णालयात हलवणे आवश्यक असते. आकडी आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची आणि दातखीळ उघडण्यासाठी तोंडात चमचा घालण्याची सवय महाराष्ट्रात अजून आढळते. त्याऐवजी मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात पाणी अथवा औषध घालू नये, अंगावरचे कपडे सैल करावेत आणि लगेच निघावे, एवढेच आशा कार्यकर्तीने व घरच्यांनी करायचे असते. रुग्णालयात आकडी थांबवणे, श्वास सांभाळणे, रक्तातील साखर तपासून ती उतरली असल्यास भरून काढणे, मेंदूवरील दाब कमी करणे, ही उपचारांची मुख्य अंगे आहेत. विषाणूचे नाव कळण्याआधीच ती सुरू करता येतात. त्याच वेळी मेंदूपर्यंत गेलेला हिवताप, स्क्रब टायफस आणि मेंदूच्या आवरणांचा जिवाणुजन्य दाह यांचा शोध घेणे अगत्याचे असते, कारण पावसाळ्यात हुबेहूब तशीच लक्षणे दाखवणाऱ्या या तिन्ही आजारांवर औषध आहे. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या जिल्ह्यात तर ही तपासणी पहिल्या तासातच व्हायला हवी.

२०२४ च्या पावसाळ्यात, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, या विषाणूची त्याआधीच्या वीस वर्षांतील सर्वांत मोठी साथ आली आणि तिचा मुख्य भार गुजरातवर पडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वर लक्षणसमूहाचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यांपैकी ८२ मरण पावले आणि ६४ जणांमध्ये चांदीपुरा सिद्ध झाला. २००३ व २००४ मधील प्रमाणांशी या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही, कारण २४५ या संख्येत निरनिराळ्या कारणांचे रुग्ण एकत्र आहेत. मात्र या वेळी नमुने थेट विषाणूच्या जनुकीय तपासणीसाठी गेले, गावांतील घरे व गोठे यांवर फवारणी सुरू झाली, आणि १९ जुलैनंतर नव्या रुग्णांची दैनंदिन संख्या उतरणीला लागली.